आईच्या वर्गाला पाचपैकी तीन

माझ्या प्रश्नावलीत चूक निघणं शक्यच नव्हतं! हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला जास्त मजा येईल.

त्या शुक्रवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहाचे दोन कप, टोस्टची बशी आणि माझी प्रश्नावली असा सरंजाम मांडलेला होता. ‘संख्याशास्त्र शिकण्याविषयी विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन’ असं भारदस्त नाव, खाली तीस वाक्यं, आणि प्रत्येक वाक्यापुढे ‘पूर्णपणे असहमत’पासून ‘पूर्णपणे सहमत’पर्यंत पाच चौकोन. नर्सिंग कॉलेजात मी शिक्षणाचं मानसशास्त्र शिकवते. मुलींना कुठला विषय आवडतो, कुठला नावडतो आणि का, हे मोजणं माझा धंदा. ही प्रश्नावली मी इतकी घासूनपुसून केली होती, की तिच्यात तोंड बघून केस विंचरता आले असते.

आई त्याच कॉलेजातून संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाली होती. पण निवृत्त म्हणजे काय हे तिला कोणी नीट समजावून सांगितलं नसावं. दर शनिवारी ती सगळ्यात वरच्या मजल्यावर, त्या विषयात नापास झालेल्या मुलींचा वर्ग घ्यायची. पगार नाही, चहासुद्धा घरून थर्मासमध्ये.

आईच्या हातात पेन्सिल होती. ती वर्तमानपत्रही पेन्सिल घेऊनच वाचायची आणि संपादकांना मनातल्या मनात गुण द्यायची.

“हे काय? ‘मला संख्याशास्त्र कळत नाही.’ हे वाक्य उलटं का धरलंयस?”

“कारण ते नकारात्मक आहे, आई. निम्मी वाक्यं सुलटी, निम्मी उलटी. ‘मला या विषयाची गोडी वाटते’ याला पूर्णपणे सहमत म्हटलं की पाच गुण. ‘मला कळत नाही’ याला पूर्णपणे सहमत म्हटलं की एक. शेवटी सरासरी काढायची. सरासरी जितकी जास्त, तितका दृष्टिकोन चांगला.”

“आणि एखादीने न वाचताच सगळीकडे ‘पूर्णपणे सहमत’ केलं तर?”

मी या प्रश्नाची वाटच बघत होते. “तर निम्म्यांचे पाच, निम्म्यांचे एक. सरासरी बरोब्बर तीन! आळशी मुलगी मधोमध सापडते. उंदराचा पिंजरा आहे तो, आई!”

“पिंजरा छान आहे,” आई म्हणाली. “पण उंदीर बघितलायस का कधी? उद्या माझ्या वर्गात येऊन बस. आधी बस, मग मोज.”

“उद्या मला आलेखांचे रंग ठरवायचेत.”

“आकडे आले नाहीत अजून आणि रंग ठरवायचेत?”

“तयारी नको का?”

आईने पेन्सिल खाली ठेवली. हे लक्षण वाईट. “बरं, तयारीवरून आठवलं. नमुन्याचं प्रमाण विचलन काढताना एकूण संख्येने भागत नाही आपण. एक वजा करून भागतो. का?”

“आई, मी पीएचडी आहे!”

“म्हणूनच विचारतेय. बाकीच्यांना माहीत नसलं तर चालतं.”

मग तिने टोस्टचे तुकडे बशीत मांडले आणि ते एक वजा पुन्हा समजावून सांगितलं. मी शाळेत असल्यापासून ती ते सांगत आली होती. कधी बटणं घेऊन, कधी चमचे घेऊन, एकदा तर प्रवासात शेजारच्या बाकावरची माणसं मोजून. आणि शेवटी तिचा ठरलेला प्रश्न.

“कळलं का?”

आमच्या घरात हा सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न आहे. ‘जेवलीस का?’ दुसऱ्या क्रमांकावर.

“कळलं,” मी म्हणाले. तसं म्हटलं की सुटका व्हायची. मी उरलेला टोस्ट खाल्ला, म्हणजे तिच्या उदाहरणातला एक घटकच खाल्ला, आणि आंघोळीला गेले.

शनिवारी आईने वर्ग घेतला, मुलींकडून माझ्या प्रश्नावल्या भरून घेतल्या, पाकिटात घातल्या, पाकिटावर माझं नाव लिहिलं. मग स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसली आणि शिपायाकडे पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत ती थांबली नाही. उशीर करणाऱ्यांसाठी आई कधीच थांबत नसे.

याहून जास्त मी त्याबद्दल लिहिणार नाही. ही विनोदी कथा आहे.

कॉलेजात शोकसभा झाली. आमच्या प्राचार्यांना मुली ‘पायचार्ट’ म्हणतात. सर गोल आहेत, आणि कुठल्याही गोष्टीचे रंगीत तुकडे पाडून भिंतीवर लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ते माईकपुढे उभे राहिले आणि डोळे मिटून म्हणाले, “बाई म्हणजे मायेचा सागर होत्या!”

आईने ऐकलं असतं तर विचारलं असतं, किती लिटर?

माझी आई कसलाही सागर नव्हती! ती दरवाजात उभी राहिली की अख्खा वर्ग श्वास धरायचा. उत्तरात एकक लिहायचं राहिलं तर ती वही तोंडावर मारावी तशी परत द्यायची. पण एकामागून एक लोक उठत होते आणि सांगत होते की बाई किती प्रेमळ, किती हळव्या. ही कोण बाई यांनी शोधून काढली, कोण जाणे! मी पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसले होते आणि दात इतके आवळले होते की शेजारी बसलेल्या मावशीला आवाज ऐकू गेला.

“दाढ पडेल,” ती कुजबुजली. “दातांच्या डॉक्टरांची फी माहितेय का?”

मग पायचार्ट सरांनी घोषणा केली. वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत बाईंच्या नावाने स्मृतिदालन होणार! सोफे, एसी, भिंतीवर बाईंचा मोठा फोटो, आणि पाहुण्यांसाठी कॉफीचं मशीन.

मागच्या रांगेतून एक खूप उंच मुलगी उभी राहिली. “सर, आणि आमचा शनिवारचा वर्ग?”

“त्याचं आता काय प्रयोजन?”

“पुढच्या महिन्यात फेरपरीक्षा आहे, सर. यात नापास झालो तर वर्ष जाईल.”

“अशा गोष्टी भावनेने ठरवायच्या नसतात, बाळ,” सर म्हणाले. “वर्गाचा उपयोग आहे की नाही, ते शास्त्रीय पद्धतीने ठरवू.”

आणि मी उठले! राग आला की माणसाने बसून राहावं, पण मी उठले आणि भरसभेत म्हणाले, “शास्त्रीय पद्धत तयार आहे, सर. आईने शेवटच्या दिवशी माझ्या प्रश्नावल्या भरून घेतल्यात. माझी मोजपट्टी खोटं बोलत नाही. ती काय म्हणेल ते मान्य करा!”

“मान्य!” सर म्हणाले. टाळ्या पडल्या. शोकसभेत!

सभेनंतरच्या सोमवारी पाकीट फोडलं. गुण मांडले, सरासरी काढली. मग कॅल्क्युलेटर पुसून परत काढली.

एक पूर्णांक आठ.

पाचपैकी! बाकीच्या वर्गांनीही प्रश्नावल्या भरल्या होत्या, आणि अख्ख्या कॉलेजातली ही सगळ्यात कमी. ज्या मुली स्वतःहून सुट्टीच्या दिवशी जिने चढून येतात, त्यांचा दृष्टिकोन कॉलेजात सगळ्यात वाईट. ‘मला संख्याशास्त्र कळत नाही’: झाडून सगळ्या पूर्णपणे सहमत. ‘या तासाला मला घाम फुटतो’: पूर्णपणे सहमत. ‘या विषयात मला आत्मविश्वास वाटतो’: पूर्णपणे असहमत. खुणासुद्धा कशा, ठसठशीत, कागद फाटेल अशा!

पायचार्ट सरांनी आकडा बघितला आणि चेहरा शोकसभेतला केला. “बाईंचा पूर्ण मान राखून सांगतो, मॅडम. इतकी वर्षं वर्ग चालला आणि मुलींना विषयाची ही अशी धास्ती. म्हणजे वर्गाचा उपयोग नाही.”

“सर, समजा चार पूर्णांक आठ आले असते?”

“मग तर प्रश्नच नव्हता! विषय इतका आवडत असेल तर जादा वर्गाची गरजच काय?”

“म्हणजे कमी आले तरी बंद, जास्त आले तरी बंद?”

“शास्त्रीय पद्धतीत असंच असतं,” ते म्हणाले. “निष्कर्ष पक्का लागतो.”

त्यांच्या टेबलावर काचेचा पेपरवेट होता. मी तो उचलला नाही. एवढं तरी माझ्या नावावर जमा करा.

स्टाफरूममध्ये कॉम्प्युटरचे सर भेटले. यांना मुली ‘रीस्टार्ट सर’ म्हणतात, कारण प्रिंटर बिघडो, इंटरनेट जावो की कोणाचं लग्न मोडो, त्यांचा सल्ला एकच.

“मॅडम, बंद करून परत चालू करा,” ते कळवळून म्हणाले. “परत भरून घ्या ना!”

पहिल्यांदाच त्यांचा सल्ला मला पटला. मुलींनी भरलं तेव्हा त्या थकलेल्या असतील, उकाडा असेल, काहीही असेल. मी सरांकडे जाऊन फेरचाचणी मागितली. सर चक्क हो म्हणाले. मात्र मी बाईंची मुलगी, तेव्हा मी वर्गात जायचं नाही. प्रश्नावल्या रीस्टार्ट सर वाटतील, कारण ते तटस्थ.

तटस्थ! तो माणूस आईच्या शोकसभेत सगळ्यात मोठ्याने रडला होता. आई त्याला प्रिंटरच्या कागदावरून दर शनिवारी झापायची.

घरी आले तर मावशी आईचं कपाट आवरत होती. म्हणजे सगळं बाहेर काढून मधोमध बसली होती.

“काय गं, एवढी का फणफणतेस?”

मी सगळं सांगितलं.

“हं,” मावशीने एका स्वेटरची घडी घातली, मोडली, परत घातली. “तुझा राग तुझ्या आईवर आहे आणि काढतेयस त्या प्राचार्यावर. आता तो त्याच लायकीचा आहे, ते सोड.”

“आईवर कशाला असेल राग?”

“न सांगता गेली म्हणून. माझाही आहे. माझा डबा घेऊन गेली होती, तो कुठेय ते तरी सांगायचं!”

मी डबा शोधायला लागले. सापडला नाही.

फेरचाचणीचे कागद आले. रीस्टार्ट सरांनी ते दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरले. चेहऱ्यावर परीक्षेत कॉपी पुरवून आलेल्या मोठ्या भावाचं समाधान.

“मॅडम, आता काळजीच सोडा! मी मुलींना म्हटलं, बाईंसाठी एवढं करा. वाचत बसू नका. सगळीकडे डोळे मिटून पूर्णपणे सहमत!”

मी कागद त्यांच्या हातातून ओढून घेतले.

“सगळीकडे?”

“सगळीकडे! तीसच्या तीस!”

“‘हा विषय निरुपयोगी आहे’ यालासुद्धा?”

“यालासुद्धा!” मग त्यांचा चेहरा हळूहळू, एखादा कॉम्प्युटर बंद होताना होतो तसा झाला. “म्हणजे... तिथे नको होतं का?”

एकीची तीन पूर्णांक शून्य शून्य. दुसरीची तीन पूर्णांक शून्य शून्य. सगळ्यांची! माझ्या पिंजऱ्यात अख्खा वर्ग शेपटीसकट अडकला होता, आणि पिंजरा लावणारी मी!

हे कागद फेकून द्यायचे आणि सरांना खरं सांगायचं, असं मी ठरवलं. पण रीस्टार्ट सर तत्पर. त्यांनी आकडे आधीच प्राचार्यांना पाठवून दिले होते. ‘फाईल उघडली नाही तर बंद करून परत चालू करा’ अशा टिपेसकट.

आणि त्याच आठवड्यात, शनिवारी, तपासणी समिती आली.

समितीच्या अध्यक्ष एका मोठ्या रुग्णालयातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या बाई होत्या. पांढरे केस, पाठ ताठ, आणि खोलीत शिरल्या शिरल्या सगळ्यांचे डॉक्टरकडे गेल्यासारखे चेहरे करून टाकणारी नजर. सभागृहात पडदा लावला होता. पायचार्ट सर काठी घेऊन उभे होते. कॉलेजची प्रगती, मुलींची प्रगती, बागेची प्रगती असं होत होत पडद्यावर दोन खांब आले. डावा बुटका लाल, उजवा उंच हिरवा. मधून एक जाडजूड बाण वर जात होता.

डाव्या खांबाखाली लिहिलं होतं, ‘बाई असताना’. उजव्याखाली, ‘बाई नसताना’.

“संख्याशास्त्राविषयीचा दृष्टिकोन,” सर म्हणाले, “अल्पावधीत एक पूर्णांक आठवरून तीन! ही आमच्या संस्थेची भरघोस—”

“तो बाण खाली घ्या!”

आवाज माझाच होता. इतका मोठा की मागे कोणाच्या तरी हातातून कप पडला.

“मॅडम, शांत व्हा. ही सुधारणा—”

“सुधारणा नाही, सर, तो पिंजरा आहे! न वाचता सगळीकडे एकच खूण केली की माझ्या प्रश्नावलीत तीनच येतात. नेहमी! तुम्ही भरली तरी तीन. या खुर्चीकडून भरून घेतली तरी तीन! तुम्ही खुर्चीचा दृष्टिकोन पडद्यावर लावलाय आणि त्याखाली लिहिलंय की माझी आई मेली म्हणून सुधारला!”

रीस्टार्ट सरांनी मान इतकी खाली घातली होती की नुसती कॉलर दिसत होती. पायचार्ट सरांनी रिमोटचं बटण दाबलं. बाण गेला, पण त्याच्या जागी बागेतलं कारंजं आलं.

“मग लाल खांब?” अध्यक्षबाईंनी विचारलं. आवाज अगदी साधा. “एक पूर्णांक आठ. तोही खुर्चीचा का?”

“नाही. तो मुलींनी प्रामाणिकपणे भरलाय.”

“म्हणजे वर्ग वाईट होता.”

“मुळीच नाही!”

“कशावरून?”

मोजपट्टी माझी, आकडा माझा, आणि मान्य करा असं भरसभेत ओरडलेली मीच.

“तुम्ही कधी त्या वर्गात बसलात?”

आधी बस, मग मोज! आई जाऊनही तिचा प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून विचारला जात होता. हे म्हणजे अतीच झालं.

“नाही,” मी म्हणाले.

“कधी भरतो?”

“शनिवारी,” रीस्टार्ट सर कॉलरमधून म्हणाले. “आत्ता भरला असेल, बाई. मुली अजून येतात.”

“चला,” अध्यक्षबाई उठल्या.

“लिफ्ट बंद आहे!” पायचार्ट सर मागून धावले. “वर पत्रा आहे, फार उकडतं! कॉफी आणलीये!”

अध्यक्षबाई जिना चढत होत्या, तेव्हा आम्हीही चढलो. वर पोचेपर्यंत सरांच्या शर्टाचा रंग बदलला होता. खोलीचं दार उघडं होतं. छताच्या पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं झालं होतं, पंखा फिरण्यापेक्षा कुरकुरण्याचं काम जास्त करत होता. बाकांवर मुली दाटीवाटीने बसल्या होत्या आणि ती उंच मुलगी फळ्यापाशी उभी होती. शिकवणारं कोणीच नव्हतं. आईची खुर्ची खिडकीपाशी होती तशीच. तिच्यावर एक डबा. मावशीचा.

आम्हाला बघून मुली उभ्या राहिल्या. उंच मुलगी मात्र खडू हातात धरून म्हणाली, “नमस्कार. बसायचं असेल तर आधी काय कळलं नाही ते सांगावं लागतं. बाईंचा नियम आहे.”

“कोणाला?” सरांनी विचारलं.

“आत येणाऱ्या प्रत्येकाला. सर, तुम्हाला काय कळलं नाही?”

“मला?” पायचार्ट सर हसले. “अगं, मी प्राचार्य आहे. मला सगळं कळलंय.”

अख्ख्या वर्गाने हात वर करून दाराकडे बोट दाखवलं आणि एका सुरात म्हटलं, “मग बाहेर!”

सर अध्यक्षबाईंकडे बघायला लागले. अध्यक्षबाई पंख्याकडे. सर खरोखरच बाहेर गेले! मला वाटतं, शाळेनंतर ते पहिल्यांदाच वर्गाबाहेर उभे होते.

“मला,” अध्यक्षबाई सावकाश म्हणाल्या, “प्रमाण विचलन म्हणजे नेमकं काय, ते नोकरीभर कळलं नाही. वॉर्डच्या अहवालावर सही मात्र करायचे.”

बाकं दणाणली! मुलींनी मुठी आपटून त्यांना पहिल्या बाकावर जागा करून दिली. रीस्टार्ट सरांना इतक्या गोष्टी कळल्या नव्हत्या, की मुलींनी त्यांना मधेच थांबवून बसवलं.

“प्रश्नावली,” मी दारातूनच म्हणाले. आवाज अजून रागाचाच होता, दुसरा मिळत नव्हता. “तुम्ही सगळ्यांनी ‘मला संख्याशास्त्र कळत नाही’ला पूर्णपणे सहमत का केलंत?”

“खरं तेच केलं, मॅडम,” उंच मुलगी म्हणाली. “इथे कळलं म्हटलं की बाई बाहेर काढायच्या. म्हणायच्या, कळलं म्हणणाऱ्याला मी काय शिकवू?”

“आणि ‘या तासाला मला घाम फुटतो’?”

मुलींनी एकदम वर पत्र्याकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनी रुमालाने मान पुसली.

“‘मला या विषयाची गोडी वाटते’ला असहमत?”

“गोडी काय, मॅडम, पेशंटला नीट औषध मिळालं म्हणजे झालं!” मागून कोणीतरी म्हणालं.

“आणि आत्मविश्वास?” मी विचारलं. “आत्मविश्वास वाटत नाही असं का लिहिलंत?”

“बाई म्हणायच्या,” उंच मुलगी म्हणाली, “डोस काढताना आत्मविश्वास वाटला की थांबायचं. परत मोजायचं.”

अध्यक्षबाईंनी पेन काढलं आणि ते लिहून घेतलं.

तर ही माझी मोजपट्टी. तिच्यात तोंड बघून केस विंचरता येतात, एवढाच तिचा उपयोग. कॉलेजातला सगळ्यात चांगला वर्ग तिने सगळ्यात तळाला नेऊन ठेवला होता. आणि मला हे त्या शुक्रवारीच सांगितलं गेलं होतं, टोस्ट खाताना!

“प्राचार्य,” अध्यक्षबाईंनी दाराबाहेर आवाज दिला, “दालन खालच्या मजल्यावर करा. सोफे जिन्यातून वर येणार नाहीत. ही खोली या मुलींची. पंखा मात्र नवा बसवा.”

“पण बाई, शिकवणार कोण?” बाहेरून आवाज आला. “शिक्षकाशिवाय वर्ग मला चालवता येणार नाही. नियम आहे.”

या वेळी ते खरं बोलत होते, आणि त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. फेरपरीक्षा तोंडावर. मुली एकमेकींना किती दिवस शिकवणार? सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. रीस्टार्ट सरांचीसुद्धा.

“मी शिकवीन,” मी म्हणाले आणि आत पाऊल टाकलं.

“मॅडम,” उंच मुलीने खडू मागे घेतला. ती घाबरली होती, पण खडू काही देईना. “आधी नियम. फळ्यापाशी उभं राहणाऱ्यालाही तोच आहे. बाईसुद्धा दर शनिवारी सांगायच्या, त्यांना काय कळलं नाही ते.”

“आई सांगायची?”

“हो. मागच्या वेळी म्हणाल्या, माझी मुलगी दर वेळी ‘कळलं’ असं का म्हणते, ते मला कळत नाही.”

वर्ग हसला. मग ती मुलगी कोण ते लक्षात आलं आणि हसू थांबलं. पंखा कुरकुरला. दाराबाहेरून सरांनी हळूच विचारलं, “मी आत येऊ का? मला का बाहेर काढलं, ते कळलं नाही.” कोणीतरी म्हणालं, “चालेल सर, या.” ते येऊन शेवटच्या बाकावर बसले. मला त्यांच्यावर रागवायचं होतं, पण सगळा राग खिडकीपाशी, त्या डबा ठेवलेल्या खुर्चीकडे निघाला होता. जिला उत्तर येत होतं ती पाण्याच्या एका पेल्यासाठी थांबली नाही, आणि इथे मी पीएचडी घेऊन खडू मागत उभी!

फळ्यावर उंच मुलीने सूत्र लिहून ठेवलं होतं. तेच. शेवटी ते एक वजा.

मी खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हणाले, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं, तिला आवडायचं तसं.

“ते एक वजा का करायचं, ते मला कधीच कळलं नाही, आई. पुन्हा सांग.”